ज्येष्ठांच्या पहिल्या परदेशी रेल्वेप्रवासासाठी युरेल पास : वापरानंतरचा अभिप्राय

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, व्हिएन्नापासून रोमपर्यंत आगगाडीने गेलो. माझे वय ६६, यजमानांचे ६९ आणि वन्संचे ७२. वन्संच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झालेले आहे, त्यामुळे जिना उतरताना त्यांना कठड्याचा आधार लागतो. यापूर्वी एकदा आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर युरोप पाहिला होता, पण पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर काढून ठेवायच्या आणि दिवसभर बसमध्ये बसायचे, हे आता शरीराला झेपणारे नव्हते. स्वतःच्या गतीने, कमी गावे, पण प्रत्येक गावात तीन-चार रात्री राहून करायचा हा आमचा पहिलाच प्रवास होता आणि त्यासाठी आम्ही युरेल ग्लोबल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या आगगाड्यांत चालणारा एकच पास, विकत घेतला. आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे अनेक निवृत्त लोक हाच विचार करत असतात, परंतु पासची माहिती वाचताना गोंधळून जातात. त्यांच्यासाठी हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

युरेल पास १९५९ पासून अस्तित्वात आहे आणि तो युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी आहे. तिथल्या रहिवाशांचा पास वेगळा असतो. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. सलग दिवसांचे पासही मिळतात, पण आपल्या वयाच्या माणसाला सोयीचा तो सुट्या दिवसांचा पास, ज्यात एका महिन्याच्या मुदतीत ४, ५ किंवा ७ दिवस आपण निवडायचे आणि त्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्यांनी फिरायचे. वयाची ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना १० टक्के सवलत आहे. आम्ही दुसऱ्या वर्गाचा पाच दिवसांचा पास घेतला. तो सवलत धरून माणशी ३०० युरोच्या घरात पडला. बँकेत हयात घालवल्यामुळे मी सगळा हिशेब वहीत मांडला होता आणि त्या वहीवरून स्पष्ट सांगते की पैसे वाचवण्यासाठी हा पास घेऊ नये. दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटे काढली, तर ती बहुतेक वेळा पासपेक्षा स्वस्त पडतात. पासचे मोल वेगळ्या गोष्टीत आहे. ठरलेली गाडी चुकली, किंवा आपणच ती सोडून दिली, तरी पुढच्या गाडीत निर्धास्त बसता येते, आणि सत्तरीच्या आसपासच्या माणसाला या निर्धास्तपणाची किंमत तरुणांपेक्षा कितीतरी अधिक असते.

आखणीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पास किती दिवसांचा घ्यायचा हे तिच्यावरच ठरते. आम्ही १७ रात्री धरल्या : व्हिएन्नात ४, साल्झबर्गमध्ये ३, ल्युसर्नमध्ये ४, फ्लोरेन्समध्ये ३ आणि रोममध्ये ३. विमानाचे तिकीट जाताना व्हिएन्नाचे आणि येताना रोमहून असे काढले, म्हणजे परत पहिल्या गावी येण्यात एक दिवस आणि पासचाही एक दिवस वाया गेला नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे त्या देशाकडे करायचा असतो. आमच्या सात रात्री ऑस्ट्रियात असल्यामुळे तो ऑस्ट्रियाकडे केला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. आपल्या वयात विम्याच्या कागदातली आधीपासूनच्या आजारांविषयीची कलमे अगदी शांतपणे, चष्मा लावून, ओळ न ओळ वाचावीत. पासची खरेदी मात्र व्हिसा हातात पडेपर्यंत थांबवली तरी चालते. तो फोनवर मिळत असल्यामुळे टपालाची वाट पाहावी लागत नाही. न वापरलेला पास काही रक्कम कापून परत करता येतो, पण सवलतीच्या काळात घेतलेला पास परत होत नाही, एवढे ध्यानात असावे.

आम्ही स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. सकाळी दहाच्या आधीची गाडी धरायची नाही, एका दिवशी एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलायची नाही आणि हॉटेल स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत, लिफ्ट असलेलेच घ्यायचे. पहिला नियम पाळता आला आणि तिसरा पाळल्याचे समाधान रोज संध्याकाळी मिळत गेले. दुसरा नियम काटेकोर पाळता आला नाही, पण त्याचा त्रास झाला नाही, कारण दोन गाड्यांमध्ये आम्ही भरपूर वेळ ठेवला होता.

पासची खरी परीक्षा साल्झबर्गहून निघण्याच्या दिवशी झाली. साल्झबर्ग ते झुरिक हा रेलजेट गाडीचा प्रवास साडेपाच तासांच्या आसपासचा आहे आणि तिथून ल्युसर्न पाऊण तासावर. सामान बांधून झाले होते, खोलीचे पैसे चुकते केले होते आणि वन्संना अचानक पित्ताचा जोरदार त्रास सुरू झाला. त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या, चेहरा घामेजला होता आणि तरीही म्हणत होत्या, "माझ्यामुळे तुमची गाडी चुकायला नको गं." त्या क्षणी आमच्याकडे स्वस्तातले, त्या एकाच गाडीला बांधलेले तिकीट असते, तर आम्ही त्यांना तशाच अवस्थेत स्थानकावर नेले असते, किंवा तिघांची तिकिटे बुडवून ऐन वेळी भारी दराने नवी काढली असती. मी त्यांना सांगितले, "वन्सं, आपल्याला आज कुठल्याही गाडीने जाता येतं. तुम्ही निवांत पडून राहा." हॉटेलच्या बाईंनी खोली आणखी दोन तास वापरू दिली. पित्ताची गोळी आणि साखर-मिठाचे पाणी घेतल्यावर वन्संना बरे वाटले आणि आम्ही दोन तासांनंतरची गाडी धरली. नुकसान झाले ते आधी राखून ठेवलेल्या आसनांचे, म्हणजे माणशी तीन युरोचे. ऑस्ट्रियातल्या रेलजेटमध्ये आसन राखून ठेवणे बंधनकारक नसते, पण साडेपाच तास उभे राहण्याची वेळ येऊ नये म्हणून आम्ही स्थानकावरच्या खिडकीवर नव्या गाडीची तीन आसने पुन्हा राखून घेतली. या एका सकाळीने पासचे सगळे पैसे वसूल झाले, असे मी मानते.

त्या गाडीचा मार्गही सांगण्यासारखा आहे. इन्सब्रुकनंतर आर्लबर्गचा चढ सुरू होतो, मग १८८४ मध्ये खुला झालेला दहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर बुख्स स्थानकात गाडीची दिशा उलटते. तोंड पुढे करून बसलेले सगळे प्रवासी तिथून पुढे पाठमोरे जातात. ज्यांना पाठमोरे बसून मळमळते त्यांनी हे लक्षात ठेवून, समोरासमोरची आसने असलेले टेबल राखून घ्यावे, म्हणजे बुख्सला एकमेकांच्या जागा बदलता येतात. त्यानंतर उजव्या हाताला आधी वालेनझे आणि मग झुरिकचे सरोवर लागते. वन्सं तोवर चांगल्या सावरल्या होत्या. डब्यात दशम्या आणि मेतकूट-भात असे घरचे अन्न होते आणि खिडकीबाहेर सरोवराच्या पलीकडच्या कड्यांवर अजून बर्फाच्या रेघा दिसत होत्या.

ल्युसर्नच्या मुक्कामातला एक दिवस आम्ही पासवर केवळ गाडीत बसण्यासाठी खर्च केला, आणि पास घेणाऱ्या प्रत्येकाने असा एक दिवस ठेवावा असे मला मनापासून वाटते. आल्प्स पर्वतातल्या गॉटहार्डच्या जुन्या डोंगरी मार्गावरून ट्रेनो गॉटार्डो नावाची गाडी जाते. तिला आसन राखावे लागत नाही आणि युरेल पास तिच्यात चालतो. चढ सोपा करण्यासाठी हा मार्ग डोंगराच्या पोटात वळसे घेत वर जातो, त्यामुळे वासेन गावचे पांढरे चर्च खिडकीतून तीन वेळा दिसते, पहिल्यांदा मान वर करून, मग समोरासमोर आणि शेवटी खाली वाकून. पहिल्या वेळी आम्ही गप्पांत होतो. दुसऱ्या वेळी यजमानांनी बोट दाखवले आणि तिसऱ्या वेळी आम्ही तिघेही काचेला नाक लावून बसलो होतो. खंडाळ्याच्या घाटातून आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाला डोंगर चढणाऱ्या रेल्वेचे कौतुक निराळे सांगावे लागत नाही. ग्योशेननला १८८२ चा पंधरा किलोमीटरचा जुना बोगदा लागतो आणि त्याच्या पलीकडे हवा, घरे आणि भाषा सगळेच इटालियन होते. बेलिंझोनाचे किल्ले जागतिक वारसा यादीत आहेत. आम्ही त्यांतला सर्वांत खालचा, लिफ्टने जाता येतो तो किल्ला पाहिला आणि परतताना २०१६ मध्ये सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून आलो. जुना मार्ग जिथे तासभर डोंगराशी झुंजतो तिथे नवा बोगदा सुमारे वीस मिनिटांत पार होतो, पण त्या वीस मिनिटांत खिडकीत आपलाच चेहरा दिसत राहतो. जाताना वरून आणि येताना खालून, हा क्रम ठेवावा.

इथे एक तुलना करणे भाग आहे. ज्यांना फक्त स्वित्झर्लंडच पाहायचे आहे त्यांनी युरेलच्या वाटेला जाऊ नये. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वेशिवाय सरोवरातल्या बोटी, बस, गावांतल्या ट्राम आणि शेकडो संग्रहालये येतात. १८७१ पासून चालणारी रिगीची दातेरी रेल्वेही त्यात पूर्ण धरलेली आहे. युरेल पासवर अशा डोंगरी रेल्वेंना फार तर सवलत मिळते आणि शहरातल्या मेट्रो-ट्रामला तो चालत नाही, त्यामुळे व्हिएन्ना आणि रोममध्ये आम्ही स्थानिक तिकिटे वेगळी काढली. देश दोन किंवा अधिक असतील आणि त्यांत स्वित्झर्लंडचा लांब टप्पा असेल, तेव्हाच युरेलचे गणित जमते, कारण तिथली ऐन वेळची सुटी तिकिटे फारच महाग असतात.

आता फोनबद्दल, कारण बहुतेक ज्येष्ठांची भीती तिथेच असते. पास रेल प्लॅनर नावाच्या ॲपमध्ये राहतो. आधी पारपत्राचा क्रमांक घालून पास सुरू करायचा, मग ज्या दिवशी प्रवास करायचा त्या दिवसाची गाडी त्यात शोधून जोडायची, आणि मग क्यूआर कोड तयार होतो, तो तपासनीस त्याच्या यंत्राने वाचतो. गाडीत चढण्याआधी हे झालेले असले पाहिजे. ॲप इंटरनेटशिवाय चालते, पण तीन दिवसांतून एकदा तरी त्याला इंटरनेट मिळावे लागते. प्रवासाचा दिवस रद्द करायचा असेल तर तो आदल्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वी करावा लागतो, आणि ही वेळ मध्य युरोपची धरतात. एका फोनमध्ये एकाहून अधिक पास ठेवता येतात म्हणून आम्ही सुरुवातीला तिघांचे पास यजमानांच्या फोनमध्ये ठेवले, आणि पहिल्याच प्रवासात आमची चूक आमच्या लक्षात आली. व्हिएन्नात सकाळभर फोटो काढून फोनची बॅटरी संपत आली होती आणि तपासनीस आला तेव्हा पडदा अंधारला. रेलजेटमध्ये आसनापाशी विजेचे प्लग असतात. तपासनीसाने चार्जर लावायला सांगितले, तो पुढचा डबा तपासून परत आला आणि तोवर फोन उघडला होता. माणूस भला होता म्हणून निभावले. त्या रात्री साल्झबर्गला माझा पास माझ्या फोनमध्ये आणि वन्संचा त्यांच्या फोनमध्ये हलवला. वन्संनी रोजची गाडी स्वतः जोडायला शिकून घेतली आणि बेलिंझोनाच्या दिवशी तर त्यांनी माझी राहिलेली नोंद मला दाखवून दिली. निघण्याआधी घरी बसून हे ॲप आठवडाभर हाताळावे, म्हणजे मुलांना वेळी-अवेळी फोन करावा लागत नाही.

शरीराला काय सोसावे लागते ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेले नसते. तिथे हमाल मिळत नाहीत. अनेक गाड्यांत फलाटावरून चढताना दोन-तीन पायऱ्या असतात आणि बॅग स्वतःच उचलावी लागते. आम्ही घरी बॅग हातात धरून स्टुलावर चढून पाहिले होते आणि ज्याला जेवढे उचलता आले तेवढेच सामान त्याच्या बॅगेत ठेवले. माझ्या बॅगेचे वजन नऊ किलो भरले, वन्संचे सात. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या भागासमोर येणार ते फलकावर दाखवतात. तो फलक पाहून आधीच योग्य जागी उभे राहिले, की गाडी आल्यावर धावाधाव होत नाही. एका स्थानकावर लिफ्ट बंद होती आणि तिथला जिना उतरायला वन्संना दहा मिनिटे लागली. गाडी बदलायला किमान पाऊण तास हवा असे मी म्हणते ते याचसाठी. गरज असेल त्यांनी स्थानकावर मदतनीस मागावा. युरोपीय संघात ही मदत विनामूल्य असून २४ तास आधी कळवावे लागते, आणि इटलीच्या मोठ्या स्थानकांत त्यासाठी साला ब्लू नावाचा स्वतंत्र कक्ष असतो. आम्ही मिलानसाठी ही मदत आधी मागितली होती आणि चाकांच्या खुर्चीसह माणूस डब्याच्या दाराशी उभा होता. वन्संना खुर्चीत बसायचा संकोच वाटत होता, पण १९३१ चे ते अवाढव्य स्थानक आणि त्यातले अंतर पाहून त्या बसल्या.

पहिल्या वर्गाचा पास घ्यावा का, असे मला अनेकांनी विचारले. पहिल्या वर्गात एका रांगेत तीनच आसने असल्यामुळे ऐसपैस वाटते हे खरे, पण आम्हाला दुसरा वर्ग स्वच्छ आणि पुरेसा वाटला. त्या फरकाच्या पैशात स्थानकाजवळचे चांगले हॉटेल घ्यावे.

इटलीत शिरल्यावर मात्र पासचे स्वरूप बदलते. स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटी गाडीला आणि इटलीतल्या फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाड्यांना पास असूनही आसन राखणे बंधनकारक आहे. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि राखीव आसन त्या एकाच गाडीचे असते. म्हणजे ज्या मोकळेपणासाठी आपण पास घेतला तो मोकळेपणाच इथे उरत नाही. ल्युसर्न ते मिलान आणि मिलान ते फ्लोरेन्स एकाच दिवशी केल्यामुळे त्या दिवसाचा पास तरी वसूल झाला. फ्लोरेन्स ते रोम हा फ्रेच्चारोसाचा दीड तासाचा प्रवास आम्ही पासच्या पाचव्या दिवसावर केला आणि ही आमची आखणीतली चूक होती. पासच्या एका दिवसाची किंमत आणि त्यावर आसनाचे शुल्क मिळून जी रक्कम झाली, तिच्यापेक्षा खूप कमी दराने हेच तिकीट महिनाभर आधी मिळत होते. मी ते माझ्या वहीत लिहूनही ठेवले होते, पण पास घेतलाच आहे तर सगळेच त्यावर करू, या विचाराने तिकडे दुर्लक्ष केले.

याच मार्गाने जाणाऱ्यांनी चार दिवसांचा पास घ्यावा : व्हिएन्ना ते साल्झबर्ग, साल्झबर्ग ते ल्युसर्न, बेलिंझोनाची फेरी आणि ल्युसर्न ते फ्लोरेन्स. रोमचे तिकीट वेगळे काढावे, आणि त्यातही गाडी बदलून मिळेल असे थोडे महाग तिकीट निवडावे. वन्संना हे मी रोमच्या स्थानकाबाहेर सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. माझ्या यजमानांच्या धाकट्या भावाला आणि जाऊबाईंना पुढच्या वर्षी याच वाटेने जायचे आहे, ती वही सध्या त्यांच्याकडे आहे.